साडेचार महिन्यांचं पथ्य

मला झालेल्या आजाराचं नाव सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्या दातांकडे बघतात. स्कर्व्ही. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या तक्त्यात तो एका ओळीत बसलेला असतो: क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणारा रोग, हिरड्यांतून रक्त येणं. मीही ते उत्तर लिहून मार्क मिळवलेले आहेत. पुढे तोच आजार माझ्या अंगात मुक्काम ठोकून बसला, तेव्हा मला तो ओळखू आला नाही.

हे आता इतक्या वर्षांनी लिहायचं कारण असं. आमच्या गल्लीतली एक लेक सिझेरियन होऊन माहेरी आली. महिन्याभरानं भेटायला गेले तर ताटात भाकरी, मुगाचं वरण आणि तूप. लिंबू नाही, पेरू नाही, पालेभाजी नाही. "टाके हायत ना मावशी, आंबट बंद हाय," तिची आई म्हणाली. मी जे सांगायचं ते तिथंच सांगितलं, पण तोंडी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत विरून जातं. माझी सगळी नोकरी कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात गेली. कागदावर आल्याशिवाय गोष्ट घडली असं मला वाटतच नाही.

आंबट बंद

१९८२ साली पोळ्याच्या आठवड्यात नांदेडच्या दवाखान्यात माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. मी चोवीस वर्षांची. लोहा तालुक्यातल्या आमच्या गावात, बौद्ध वस्तीतल्या मुलींपैकी सरकारी नोकरीची ऑर्डर आलेली मी पहिली. ऑर्डर हातात पडली आणि चार दिवसांत पोटात कळ आली. रुजू व्हायला मुदत वाढवून मिळाली, टाके निघाले, मी घरी आले आणि मायनं पथ्य सुरू केलं.

आंबट बंद. त्यात लिंबू, चिंच, ताक, टोमॅटो आलेच. पेरू थंड म्हणून बंद. बटाटा वातूळ, वांगं खाजरं, हिरवी मिरची उष्ण, पालेभाजी पोटाला जड. उरलं काय, तर ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण आणि दूधभात. मी कुरकुर केली की माय म्हणायची, "चार दिवस दम धर. जखम आतून भरू दे."

माय हट्टी होती, पण उगीच नव्हती. मी सहा वर्षांची असताना आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या पायावर बाभळीचं लाकूड फोडताना कुऱ्हाड बसली. हळद भरून फडकं बांधलं. आठवड्यानं आबांनी अंबाडीची भाजी मागितली. मायनं केली, ते पोटभर जेवले. दोन दिवसांनी ते अंथरुणाला खिळले आणि पाचव्या दिवशी गेले. मयतीला आलेली आत्या अंगणात सगळ्यांसमोर म्हणाली, "जखमंवर आंबट चारलं हिनं. माह्या भावाला हिनंच घालवलं."

त्या दिवसापासून आमच्या घरात अंबाडी शिजली नाही. बाजारात अंबाडीची जुडी दिसली की माय दुसऱ्या बाजूनं चालायची. आत्या पुढे वारली, पण तिचं ते वाक्य आमच्या घरात राहिलं.

माझी जखम महिन्या-दीड महिन्यात वरून मिटली, एका टोकाला मात्र ओलसर राहिली. माय रोज कंदील जवळ धरून बघायची. "बग, अजून वली हाय. पथ्य सोडायचं न्हाई." जखम भरेना म्हणून पथ्य वाढत गेलं आणि पथ्य वाढत गेलं म्हणून जखम भरेना. हे आज लिहायला एक ओळ लागली. तेव्हा कळायला जीव जायची वेळ आली.

नवा जिल्हा

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला होता. मी रुजू झाले त्या तिथल्या कचेरीत टेबलं कमी आणि गठ्ठे जास्त. जुन्या जिल्ह्यातून ट्रकनं आलेली दफ्तरं व्हरांड्यात पडलेली. छापील कागदांवर नाव जुन्याच जिल्ह्याचं असायचं. ते पेननं खोडून वर रबरी शिक्का मारायचं काम माझ्याकडे आलं. सहा-सात तास शिक्के मारले की मनगट धरायचं. मला वाटायचं, सगळ्यांचंच धरत असेल.

माझं पथ्य मोडू नये म्हणून माय माझ्यासोबत लातूरला राहायला आली. दादा, माझा मोठा भाऊ, गावाकडे रोजगार हमीच्या कामावर मुकादम होता. पावसानं दगा दिलेला. टँकर आला की गल्ली घागरी घेऊन पळायची. भाजीबाजारात कांदे, वाळल्या मिरच्या आणि सुकून दोरी झालेली गवार. तरी लोक कुठून ना कुठून काहीतरी तोंडात टाकत होते. कुणी बोरं, कुणी वरणावर अर्धं लिंबू. कचेरीतल्या बाया डब्यातलं पुढे करायच्या, मी हात जोडून पथ्य सांगायचे. पथ्य पाळणारी मुलगी म्हणून माझं कौतुक व्हायचं. मलाही ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू.

दिवाळीनंतर थकवा सुरू झाला. जिना चढताना मध्ये बसावं लागायचं. चिडचिड इतकी की मायच्या हातून पाण्याचा तांब्या सांडला म्हणून मी तिच्यावर ओरडले आणि नंतर न्हाणीत जाऊन रडले. मग ब्रशला रक्त लागायला लागलं. हिरड्या सुजून दातांवर चढल्या. भाकरी चावता येईना, म्हणून माय ती दुधात कुस्करून द्यायला लागली. म्हणजे पथ्य आणखी कडक झालं.

एका डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. त्यांना मी पथ्याचं सांगितलं नाही. पथ्य पाळणं हे काय सांगायची गोष्ट आहे, असं वाटलं.

चादरीखालचे पाय

संक्रांत आठवड्यावर आली तेव्हा माझ्या नडग्यांवर लाल ठिपके उठले. त्यांचे निळे-काळे चट्टे झाले. डावा गुडघा सुजून पाय सरळ होईना. आणि एक गोष्ट झाली, तिनं मी सर्वांत जास्त घाबरले. लहानपणी विहिरीच्या पायरीवर पडून उजव्या गुडघ्याखाली मला खोक पडली होती. तिचा पांढरा वण मी विसरूनही गेले होते. तो वण जांभळा पडला आणि एका सकाळी उकलला. पंधरा वर्षांपूर्वीची जखम, जणू काल झालेली. मी ती साडीखाली झाकली आणि मायला दोन दिवस दाखवली नाही.

घरमालकीणबाईंनी मायला बाजूला घेऊन विचारलं, पोरीला कुणी मारतं का. नंतर आमची घागर टाकीपासून वेगळी ठेवायला सांगितली. जातीमुळं की आजारामुळं, ते मी विचारलं नाही. दोन्हींसाठी लोक "जरा लांबून" एवढंच म्हणतात.

शेवटी दादा गावाहून आला आणि त्यानं मला लातूरच्या सरकारी दवाखान्यात भरती केलं. केसपेपरवरही जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून शिक्का मारलेला होता. तो तिरका बसलेला बघून मला बरं वाटलं. इथंही आपल्यासारखंच कुणीतरी आहे.

बायकांच्या वॉर्डात दिवस पहाटे फिनेलच्या वासानं सुरू व्हायचा. मग चहाची किटली, मग रक्त काढायला येणारी सिस्टर, मग राउंड. तीन दिवस रक्त काढलं. अंगात रक्त कमी निघालं, बाकी मोजायचं ते सगळं ठीक निघालं. तरी चट्टे वाढत होते. एका शिकाऊ डॉक्टरनं दादाला दारापाशी नेलं. तो हळू बोलला, पण वॉर्डात हळू बोललेलं सगळ्यांत आधी ऐकू येतं. रक्ताचा कॅन्सर असू शकतो. हैदराबादला न्यायची तयारी ठेवा.

दादा परत आला तो खाटेकडे न बघता खिडकीकडे गेला. माय त्याला म्हणाली, "काय म्हणला डाक्टर?"

"काही न्हाई. ताकद कमी हाय म्हणला."

मी भिंतीकडे तोंड केलं. मला मरायची भीती वाटली. ती मी लपवत नाही. पण त्याहून मोठी भीती अशी होती की मी गेले तर माय पुन्हा अंगणात बसेल आणि कुणीतरी पुन्हा तिच्याकडे बोट दाखवेल. त्या वेळी मला हे ठाऊक नव्हतं, की बोट दाखवायला खरंच जागा आहे.

मोसंबीची फोड

शेजारच्या खाटेवर जळकोटकडची एक आजी होती, मांडीचं हाड मोडलेली. चौथ्या दिवशी तिच्या लेकीनं मोसंबी सोलली. आजीनं एक फोड माझ्याकडे धरली.

"घे गं बाय. तोंडाला चव यील."

"नको आजी. पथ्य हाय."

नेमके त्याच वेळी मोठे डॉक्टर राउंडला माझ्या खाटेशी आले होते. पन्नाशीचे, सडपातळ, चष्मा कपाळावर. ते माझे कागद चाळत होते, ते थांबले.

"कसलं पथ्य?"

"आंबटाचं. ऑपरेशन झालंय ना."

"ऑपरेशन कधी झालं?"

"पोळ्याला."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. मग ते चक्क माझ्या खाटेवर बसले. राउंडमध्ये खाटेवर बसलेला डॉक्टर मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

"पोळ्यापासून काय काय खाल्लंस ते सांग. सगळं सांग, काही सोडू नको."

सगळं सांगायला फार वेळ लागला नाही. भाकरी, वरण, दूधभात. ते एकेक नाव घेत गेले. लिंबू? पेरू? बोर? कोथिंबीर? कच्चा कांदा? हिरवी मिरची? मी प्रत्येकाला नाही म्हणत गेले. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्या पायावरचे केस अगदी जवळून बघितले. केस स्प्रिंगसारखे पिळले गेले होते आणि एकेका केसाच्या मुळाशी रक्ताचा ठिपका होता. इतके दिवस मी ठिपके बघत होते, केस बघितले नव्हते.

त्यांनी शिकाऊ डॉक्टरला बोलावून ते दाखवलं. म्हणाले, "हे मीसुद्धा पुस्तकातच पाहिलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हैदराबादला जायचं नाही. गोळ्या सुरू करतो. माझं बरोबर असेल तर तीन दिवसांत तुझ्या हिरड्याच सांगतील."

आजीच्या हातात मोसंबीची ती फोड अजून होती. डॉक्टरांनी ती घेतली आणि माझ्या तळहातावर ठेवली. हिरड्यांना अशी झोंबली की डोळ्यांतून पाणी आलं. नशिबानं माय त्या वेळी नळावर गेली होती.

तीन दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागी झाले आणि काहीतरी वेगळं वाटलं. काय ते कळायला वेळ लागला. मला भूक लागली होती. तिसऱ्या दिवशी उशीवर रक्ताचा डाग नव्हता. चौथ्या दिवशी मी भिंत धरून न्हाणीपर्यंत गेले. आजी म्हणाली, "पोरगी तर चालून राहिली की." पंधरा दिवसांत चट्टे पिवळे पडून मावळले, पोटावरचं ओलं टोक सुकलं आणि गुडघ्याखालचा वण पुन्हा मिटला. महिनोन् महिने जे बिघडत गेलं ते साध्या गोळ्यांनी इतक्या झटपट सुधारलं, याचा मला आनंद झाला आणि थोडा रागही आला.

डॉक्टर राउंड संपला की माझ्या खाटेशी येऊन समजावायचे. जखम भरताना शरीर एक धागा विणतं, त्या धाग्याला पीळ द्यायला क जीवनसत्त्व लागतं. आणि हे विणकाम संपत नाही, जुने वणसुद्धा शरीर सारखं दुरुस्त करत असतं. ते थांबलं म्हणून माझी लहानपणची खोक उकलली. पूर्वी जहाजावरचे खलाशी महिनोन् महिने वाळलेलं अन्न खाऊन असेच मरायचे आणि लिंबू-संत्र्यांनी उठून बसायचे. पुढे शास्त्रज्ञांनी स्वखुशीनं तयार झालेल्या माणसांना मुद्दाम तसं अन्न देऊन नोंदी ठेवल्या. त्यांच्याही हिरड्या सुजल्या, जखमा भरेनाशा झाल्या. मी म्हटलं, त्यांच्यावर शास्त्रज्ञांची नजर होती, माझ्यावर मायची. ते हसले आणि माझ्या पायांचे फोटो घेऊ का म्हणाले. चेहरा येणार नसेल तर घ्या, म्हटलं.

आंबट म्हणजे क जीवनसत्त्व नव्हे, हेही त्यांनीच सांगितलं. चिंच एवढी आंबट, पण तिच्यात ते नावापुरतं. पेरू गोड, त्याच्यात भरपूर. हिरव्या मिरचीत असतं, ती वाळली की बरंचसं जातं.

मी बरी झाल्यावर लोक उलट्या टोकाला गेले. सर्दीला, केस गळण्याला, कॅन्सरला, सगळ्याला मूठभर गोळ्या खाव्यात का, असं मलाच विचारायला लागले. डॉक्टरांचं म्हणणं होतं की शरीर लागेल तेवढं ठेवतं, उरलेलं लघवीवाटे सोडून देतं, आणि फार खाल्लं तर काहींना मुतखडा होतो. तेव्हापासून या विषयावर मराठीत जे छापून येतं ते मी कापून ठेवते. मोठमोठ्या आजारांत त्याचा उपयोग होतो का, यावर अजून संशोधन चालू आहे आणि अजून वादही चालू आहेत. माझ्या आजाराबद्दल मात्र वाद नाही. ज्याच्या अंगात ते नाही त्याला ते द्यावं, एवढंच.

दादा बोलला

मी डॉक्टरांना एक विनंती केली होती. मायला कारण सांगू नका. गोळ्या रक्तवाढीच्या आहेत म्हणा. त्यांना ते पटलं नव्हतं. "उद्या घरी जाऊन तिच्याच हातचं जेवणार आहेस," ते म्हणाले. पण त्यांनी मायला कारण सांगितलं नाही.

दादाला मात्र मी सांगितलं होतं, आणि दादाला पोटात ठेवता येत नाही. सुट्टी मिळायच्या आदल्या दिवशी माय डबा घेऊन आली. डब्यात भाकरी, मुगाचं वरण. ते बघून दादाचा तोल गेला.

"अजून हेच? तुह्या पथ्यानंच झालंय तिला. डाक्टर म्हणला. अजून महिना गेला असता तर मेली असती ती."

मायनं माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणायला हवं होतं. माझं तोंड उघडलं नाही, आणि त्यातून तिला कळलं.

तिनं डबा झाकला. त्या दिवशी ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशी घरी आल्यावरही नाही. चुलीपाशी जाईना. "तूच कर काही. माह्या हातचं आता काही खाऊ नको," एवढंच म्हणाली. मी रागवून पाहिलं, रडून पाहिलं. आठ दिवस मी स्वयंपाक केला आणि ती माझ्या हातचं दोन घास खाऊन ताट सरकवत राहिली. आजारपणात इतकी हतबल मी झाले नव्हते. माझ्या दुखण्याला गोळी तरी होती.

मायचा प्रश्न

आठव्या दिवशी मला दाखवायला बोलावलं होतं. माय म्हणाली, "मी बी येते." डॉक्टरांनी माझ्या हिरड्या बघितल्या, पोट बघितलं, कागदावर लिहिलं. मी उठले. माय उठली नाही.

"साहेब, एक इचारू?"

"विचारा मावशी."

"जखमंवर आंबट खाल्लं तर माणूस मरत न्हाई?"

"नाही. उलट थोडं खावं. जखम लवकर भरते."

"अंबाडी खाल्ली तरी?"

"अंबाडी खाल्ली तरी."

मायनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग अठरा वर्षांत कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते तिनं सांगितलं. कुऱ्हाड, हळद, फडकं, आबांनी मागितलेली भाजी. मी तिच्या शेजारी उभी राहून ऐकत होते. आत्याचं वाक्य तिनं सांगितलं नाही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "शेवटी त्यांची दातखीळ बसली होती का?"

"हाव. पाणी सुदीक गिळंना."

"अंग कमानीसारखं ताठ व्हायचं?"

"व्हायचं. चौघं धरायचे."

"तो धनुर्वात होता, मावशी. कुऱ्हाडीबरोबर मातीतून आत गेला. त्यांनी अंबाडी खाल्ली नसती, तरी तेच झालं असतं."

बाहेर पुढचा नंबर पुकारला गेला, डॉक्टरांनी हातानंच थांबवलं.

"मंग त्यांना माह्या हातानं काही झालं न्हाई?"

"काही नाही. शेवटी मनासारखं जेवले, एवढंच तुमच्या हातानं झालं."

ती तिथंच रडली. मोठ्यानं, तोंडावर पदरही न घेता. आबांच्या मयतीला ती रडली नव्हती, असं वस्तीतल्या बायका सांगतात. दवाखान्याच्या फाटकापाशी आल्यावर तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "अंबाडी कुठं भेटंल?" मी म्हटलं, माय, माणसांना प्यायला पाणी नाही, अंबाडी कुठली. मग रस्त्यावर एक बाई चार लिंबं घेऊन बसली होती, ती लिंबं माझ्यासाठी घेऊन आलो. त्या दिवशी स्वयंपाक मायनं केला.

अंबाडी पुढच्या हंगामात मिळाली, लोह्याच्या बाजारात. नोकरीत मी कायम झाले होते आणि सुट्टी घेऊन गावी गेले होते. मायनं जुडी निवडली, उकडली, पाणी काढून टाकलं, कण्या घालून घोटली, वर लसणाची फोडणी दिली. डॉक्टरांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, पाण्याबरोबर बरंचसं जीवनसत्त्व गेलं. मी ताटं मांडली. तिनं मला आणि दादाला वाढलं, मग स्वतःला घेतलं. आम्ही दोघं हात न लावता तिच्याकडे बघत होतो.

तिनं घास घेतला, सावकाश चावला.

"मीठ कमी पडलं," माय म्हणाली. "लई वर्सांनी केली ना."